एकेरी पट

पुतण्याचा फोन रविवारी दुपारी आला. तो पुण्यात जिउ-जित्सू, म्हणजे जमिनीवरच्या पकडींची कुस्ती, शिकतो, दीडेक वर्ष झालं असेल. त्यांच्या कोचने पोरांना गृहपाठ दिला होता: एक मुरलेला फायटर निवडा, वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा, डावीकडे जमेच्या बाजू लिहा, उजवीकडे कच्च्या. ह्याने ब्राझीलचा डेमियन माया निवडला, कारण शाळेत असताना माझ्याच तोंडून ते नाव त्याने ऐकलेलं. "ऐक हं काका," म्हणाला आणि वाचून दाखवलं. डावीकडे: जिउ-जित्सू. उजवीकडे: बाकी सगळं. वाचून स्वतःच हसला. मीही हसलो. हसता हसताच त्याने विचारलं, "ती वुडलीबरोबरची फाइट तू शेवटपर्यंत बघितली होतीस ना? चौथ्या-पाचव्या राउंडला कसा वाटला तुला तो?"

"दमलेला," मी म्हणालो. "पण जात होता आत."

फोन ठेवला आणि उरलेली दुपार नासली. ती फाइट मी शेवटपर्यंत बघितलेलीच नाही.

30 जुलै 2017, श्रावणातला रविवार. अमेरिकेत शनिवारची रात्र, अनाहाइमचं मोठं स्टेडियम. आपल्याकडे सकाळ, बाहेर भुरभुर, आणि श्रावण म्हणून रविवार असूनही घरात वरणाच्या फोडणीचा वास. माया तेव्हा 39 वर्षांचा होता. सलग सात फाइट जिंकून आलेला, आणि बेल्टसाठी, म्हणजे अजिंक्यपदासाठी, ही त्याची दुसरी आणि दिसतच होतं की शेवटची संधी. समोर टायरन वुडली: मिझुरी विद्यापीठाच्या मॅटवर घडलेला रेसलर, मांड्या देवळाच्या खांबासारख्या, आणि उजव्या हाताचा ठोसा असा की एकदा लागला की विषय संपला. माया वाकून पायात शिरायचा, वुडली कंबर मागे फेकून सगळं वजन त्याच्या मानेवर सोडायचा, माया निसटून उठायचा, दोन पावलं मागे, आणि पुन्हा तेच. पहिल्या राउंडला मी खुर्चीच्या कडेवर होतो. दुसऱ्याला टेकून बसलो. तिसऱ्या राउंडला प्रेक्षकांनी हुर्यो सुरू केली, मायाचा डोळा सुजत चालला होता, आणि घरातून आवाज आला की कोथिंबीर संपलीय. मी रिमोट उचलला, टीव्ही बंद केला आणि पिशवी घेऊन बाहेर पडलो. निकाल दुपारी मोबाइलवर बघितला: 50-45, 49-46, 49-46, तिन्ही पंचांचे गुण वुडलीच्या बाजूने. मायाने वीसहून जास्त वेळा पाय धरायचा प्रयत्न केला होता. वुडली एकदाही खाली गेला नव्हता.

कंटाळा आला म्हणून बंद केला असता तर एवढं लागलं नसतं. खरं म्हणजे मला बघवत नव्हतं. पण कोथिंबिरीचं निमित्त मिळाल्यावर मी ते स्वतःलाही सांगितलं नाही.

आता पुतण्याच्या त्या रकान्यांकडे येतो. ज्याने आखाड्याची माती थोडी तरी अंगाला लावून घेतलीय, त्याला मायाचा खेळ पहिल्या पाच मिनिटांत ओळखीचा वाटतो आणि सहाव्या मिनिटाला पूर्ण परका. ओळखीचा अशासाठी की तो ज्याला सिंगल लेग म्हणतात तो आपला एकेरी पट. खडाखडी चालू असताना समोरच्याचा एक पाय हेरायचा, वाकून आत शिरायचं, तो पाय छातीशी कवटाळायचा आणि पिंजऱ्याच्या जाळीपर्यंत रेटत न्यायचं. परका अशासाठी की आपल्याकडे पाठ लागली की कुस्ती संपली, आणि माया स्वतःहून पाठ टेकतो. पट निघाला नाही तर बूड टेकून समोरच्याच्या पायाखाली सरकतो, त्याची एक मांडी आपल्या दोन मांड्यांत धरतो, आणि खालून पुन्हा तोच पाय काढत वर येतो. त्याच्या जगात पाठ टेकणं म्हणजे जिन्याची खालची पायरी.

आणि मोठ्या मोठ्या रेसलरांची दैना त्याने नेमकी इथेच केली. कुस्तीगीर खाली गेला की त्याचं शरीर डोक्याला न विचारता पालथं होतं. पाठ वाचवायची, हे लहानपणापासून हाडात गेलेलं. 1910 साली लंडनला झिबिस्को हा पोलंडचा पहिलवान गामापुढे असाच अडीच तास पालथा पडून राहिला आणि कुस्ती बरोबरीत सुटली. मायापुढे पालथं पडणं म्हणजे घराची किल्ली हातात देणं. पालथं पडलं की पाठ त्याच्याकडे, पाठीवरून एक पाय आत, दुसरा आत, मग एका पायाचं पाऊल दुसऱ्या गुडघ्यामागे अडकवून पोटाभोवती गाठ. ती गाठ बसली की वरचा माणूस घाई करत नाही. खालच्याचे हात एकेक करून सोडवत राहतो, हनुवटीखाली मनगट सरकायला जागा होईस्तोवर. कुरितिबाच्या फुटबॉल मैदानावर 2016 मध्ये मॅट ब्राउनच्या पाठीवर तो जवळजवळ सगळी फाइट दप्तरासारखा अडकून होता. गळा आवळला तेव्हा तिसऱ्या राउंडचा जेमतेम अर्धा मिनिट उरला होता. त्याच वर्षी ऑगस्टात कार्लोस कॉन्डिटला दोन मिनिटंही लागली नाहीत. कॉन्डिटला माहीत होतं काय येणार आहे. व्हॅंकुव्हरच्या सगळ्या प्रेक्षकांना माहीत होतं. मला, घरी बनियनवर बसून, माहीत होतं.

आपल्याकडे म्हणतात वस्ताद एक डाव राखून ठेवतो. चेल्याला सगळं शिकवतो, तेवढं एक शिकवत नाही. मायाकडे राखून ठेवलेलं काहीच नव्हतं. होतं ते सगळं उघड्यावर, पाटीवर लिहून दिल्यासारखं.

आमच्या गावाकडे जत्रेत एक पहिलवान यायचे, तेव्हाच चाळिशीकडे झुकलेले. कान फुटून भज्यासारखे झालेले, गुडघ्याला कायम हिरवट फडकं. त्यांनाही एकच यायचं: एकेरी पट. मी नऊ-दहा वर्षांचा, अण्णांच्या, म्हणजे थोरल्या चुलत्यांच्या शेजारी मैदानाच्या कडेला मांडी घालून बसलेलो. हलगी घुमत असायची. मातीला ताक, तेल आणि हळद घातलेली, आणि उन्हं कलली की त्या मातीचा आंबूस, ओला वास आमच्यापर्यंत यायचा. एका वर्षी त्यांची जोड एका तरण्या पोराबरोबर लावली. पोरगं हुशार. त्याने पाय मागे ठेवला तो ठेवलाच. हे वाकून जायचे, ते मागे सरायचं. पुन्हा वाकून जायचे, पुन्हा मागे. अर्धा तास हेच. लोकांनी आधी शिट्ट्या घातल्या, मग पाठीमागून कुणीतरी ओरडलं, "म्हातारं घरी न्या रे!" माझे पाय मुंग्या येऊन बधिर झाले होते, शिवाय पलीकडे पाळणा चालू होता. मी उठायला लागलो तर अण्णांनी न बघताच माझा दंड धरला.

"कुस्ती सुटल्याबिगर बूड हलवायचं न्हाई."

ती कुस्ती पंचांनी बरोबरीत सोडवली. पहिलवानांनी पोराच्या पाठीवरची माती झटकली, इनामाचे अर्धे पैसे घेतले आणि अंगरखा खांद्यावर टाकून आमच्यासमोरून गेले. अण्णा त्यांना म्हणाले, "आज आत शिरू दिलं न्हाई जी त्यानं." ते म्हणाले, "आवं यतंय काय मला दुसरं? तेवढंच यतंय." तक्रार म्हणून नाही, हवापाण्याविषयी बोलावं तसं. पुढे कितीतरी वर्षं मला ते वाक्य केविलवाणं वाटायचं. आता तसं वाटत नाही, पण मग काय वाटतं तेही धड सांगता येत नाही.

मायाने जिउ-जित्सू एकोणिसाव्या वर्षी सुरू केलं, त्या खेळाच्या मानाने उशिराच. साओ पावलोत फाबियो गुर्जेलच्या हाताखाली. पाचेक वर्षांत काळा पट्टा, 2007 मध्ये अबूधाबीच्या नावाने भरणाऱ्या जगातल्या सगळ्यांत मानाच्या ग्रॅपलिंग स्पर्धेत पहिला, आणि त्याच वर्षी यूएफसीत, म्हणजे पिंजऱ्यातल्या मिश्र लढती भरवणाऱ्या सगळ्यांत मोठ्या कंपनीत. तिथल्या पहिल्या पाच फाइट पाचही वेळा समोरच्याने हात थोपटून, म्हणजे हार कबूल करून, किंवा गळा आवळला जाऊन संपल्या. चेल सॉनन, तोही जातिवंत रेसलर, त्याला मायाने अंगावरून आडवं फेकलं, स्वतः थेट छातीवर बसला आणि पायांच्या कैचीत मान पकडली. मग ऑगस्ट 2009 मध्ये नेट मार्क्वार्ट. मायाने लाथ उचलली आणि त्याच क्षणी उजवा हात जबड्यावर आला. एकवीस सेकंद. पुतण्याच्या उजव्या रकान्यातली पहिली ओळ तिथे लिहिली गेली.

त्यानंतरचं वर्ष मला जास्त महत्त्वाचं वाटतं. एप्रिल 2010, अबूधाबी, विटोर बेलफोर्ट जायबंदी झाला म्हणून मायाला बेल्टवाल्या अँडरसन सिल्वासमोर उभं केलं. सिल्वा तेव्हा कुणालाच सापडत नव्हता. पहिल्या दोन राउंडमध्ये त्याने मायाला हवं तसं मारलं, आणि नंतर मारायचंही सोडलं. हात कमरेला लावून नाच, वाकुल्या, लांबूनच शिवीगाळ. रेफरीने ताकीद दिली. यूएफसीचा अध्यक्ष चिडून खुर्ची सोडून गेला. आणि माया, नाक-डोळे सुजलेला, ठोसाठोशी येत नाही हे जगाला दिसत असताना, शेवटच्या राउंडमध्ये पुढे चालत जाऊन वेडेवाकडे ठोसे फेकत होता. लोक हरणाऱ्याच्या नावाने ओरडायला लागले. मीही ओरडलो. पण त्या रात्रीने मायाला एक वाईट सल्ला दिला असं मला वाटतं. पुढची दोन वर्षं त्याने कच्ची बाजू पक्की करायला घेतली. मुष्टियुद्ध घोटलं, उभ्याने लढायला लागला, पाय धरायला जाणं कमी केलं. काही जिंकला, पण मार्क मुन्योझकडून हरला आणि जानेवारी 2012 मध्ये ख्रिस वायडमनबरोबर जी फाइट झाली ती बघताना मला कुणाच्यातरी लग्नात उसने कपडे घालून वावरणारा माणूस आठवत राहिला. दोघेही थकून एकमेकांवर हात टाकत होते. त्या रात्री मायाकडे दोन्ही रकाने सारखेच झाले होते, थोडं थोडं सगळं, आणि लढायला धड काहीच नाही.

मग तो 84 किलोवरून 77 किलोच्या गटात उतरला आणि पुन्हा पायात शिरायला लागला.

ठोसे शिकण्यात घालवलेला काळ मात्र वाया गेला असं म्हणता येत नाही. गोची तिथेच आहे. आधी तो लांबूनच पायांवर झेपावायचा, आता डावा हात खोटा फेकून समोरच्याचे हात वर काढायचा आणि मग वाकायचा. त्याला कुणाला झोपवायचं नव्हतं, फक्त डोळ्यांची पापणी लवण्याएवढा वेळ हवा होता. कच्ची बाजू कच्चीच राहिली, पण पक्क्या बाजूच्या कामाला लागली. हे वहीत लिहायला तिसरा रकाना लागेल, आणि त्यांचा कोच तो आखू देईल की नाही, माहीत नाही.

उजव्या रकान्यात प्रामाणिकपणे अजून काय येईल तेही सांगतो, नाहीतर पुतण्या म्हणेल काका भक्त झाला. पट निघाला नाही तर माया दमायचा, आणि दमायचा ते एकदम. रॉरी मॅकडॉनल्डबरोबर पहिला राउंड छान गेला, पुढे तेल संपत गेलेल्या दिव्यासारखा. खालून वर यायचा त्याचा रस्ता हा समोरचा चुकेल यावर बेतलेला होता, आणि ज्यांची कंबर जड आणि डोकं शांत होतं ते चुकले नाहीत: वुडली, मग कोविंग्टन, मग उस्मान. कोविंग्टनने तर मायाच्याच गावात, साओ पावलोत, त्याला हरवून वर प्रेक्षकांना शिव्या घातल्या. अकरा पराभव, त्यातले नऊ पंचांच्या गुणांवर. म्हणजे त्याला हरवणारे बहुतेक जण त्याला संपवू शकले नाहीत, फक्त आत येऊ न देता पंधरा-पंचवीस मिनिटं काढू शकले. आणि हात थोपटून तो आयुष्यात एकदाही हरला नाही. ही जमेची बाजू आहे का? असेल. प्रेक्षक ज्यावर हुर्यो करतात तीच गोष्ट जमेत धरायची की नाही, हे आखाड्याच्या कुठल्या बाजूला तुम्ही बसलात यावर आहे.

त्याच्याविषयी एक गोष्ट नेहमी सांगितली जाते की त्याला समोरच्याला इजा न करता जिंकायला आवडतं. त्याने स्वतः तसं अनेकदा म्हटलंय, आणि पाठीवर बसून तो जेवढे ठोसे मारू शकला असता त्याच्या चौथाईनेही मारले नाहीत, हेही खरं. पण रिओतला रिक स्टोरी मी विसरलेलो नाही. 2012. मायाने मागून त्याचा जबडाच पकडून आवळला आणि स्टोरीच्या नाकातून रक्ताची पिचकारी उडाली, अक्षरशः पिचकारी. बायको चहा घेऊन आली होती, ती कप ठेवून तशीच मागे फिरली. मला स्वतःला तेव्हा काय वाटलं? आनंद झाला. उसने कपडे काढून माणूस आपल्या घरी परत आला, असा आनंद. रक्त पुसून झाल्यावर जरा लाजही वाटली, ती नंतर.

शेवटचं सुख मिळालं ते 26 ऑक्टोबर 2019 ला. दुसऱ्या दिवशी पहिली अंघोळ आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी आलेलं, त्यामुळे घरात चकलीचा शेवटचा घाणा, उटण्याची पुडी टीव्हीवर ठेवलेली, आणि सिंगापुरात माया विरुद्ध बेन ॲस्क्रेन. जगातले दोन नामांकित चिकट पकडवाले, आणि दोघेही कितीतरी वेळ उभे राहून गावठी ठोसे मारत होते. पुतण्या तेव्हा बारावीत, दिवाळीला आलेला, चकली खात म्हणाला, "हे काय चाललंय?" तिसऱ्या राउंडमध्ये ॲस्क्रेन वर, माया खाली. मी म्हणालो, आता बघ. खालून पाय सरकला, वरचा खालचा झाला, पाठ उघडी पडली आणि मनगट गळ्याखाली गेलं. माया बेचाळीसला दहा-बारा दिवस कमी. पुतण्याच्या हातातली चकली तशीच राहिली. तो जिउ-जित्सूला गेला तो त्या संध्याकाळमुळे, असं त्याची आई मला अजून सुनावते.

नंतर मार्च 2020, ब्राझिलिया. करोनामुळे प्रेक्षकांविना स्टेडियम. गिल्बर्ट बर्न्सचा डावा हात बसला आणि त्या रिकाम्या हॉलमध्ये ठोशाचा तो आवाज नुसताच ऐकू आला, त्यावर पडायला गर्दीचा आवाजच नव्हता. तसला आवाज मी फक्त एकदा ऐकलाय, पावसाळ्यात ओस पडलेल्या तालमीत, लाल मातीवर कुणीतरी एकटंच जोर काढताना दमून पडलं तेव्हा. जून 2021 मध्ये बेलाल मुहम्मदबरोबरची शेवटची, तीन राउंड, गुणांवर पराभव. तेव्हा माया 43 चा. एकूण 28 जिंकल्या, 11 हरल्या.

पुतण्याला मी खोटं सांगितलं त्याच्या तिसऱ्या रात्री, जेवणं झाल्यावर, सगळे झोपले तेव्हा लॅपटॉप उघडून ती फाइट काढली. पहिले तीन राउंड सोडून दिले, ते मी बघितले होते, तेवढा तरी माझा हक्क. चौथ्याला हुर्यो आधीपासूनच चालू आहे. माया वाकतो. वुडली कंबर मागे टाकतो. पुढे कळलं होतं की त्या रात्री वुडलीचा खांदा पहिल्याच राउंडमध्ये दुखावला होता, म्हणून मी आता त्याच्या खांद्याकडे बघत होतो. त्यानेही जे येत होतं त्यावरच रात्र काढली म्हणायची. माया पुन्हा वाकतो. चेहऱ्याचा एक भाग सुजलेला, तोंड उघडं, पण आत शिरताना डोकं कुठे ठेवायचं ते अजून बरोबर ठेवतोय, समोरच्याच्या बरगडीला चिकटून, जसं पहिल्या मिनिटाला ठेवत होता तसं. पाचव्यातही. मी मोजायला लागलो होतो, मग मोजायचं सोडलं. घंटा झाल्यावर दोघं एकमेकांना भेटले. निवेदकाने गुण वाचले, मला पाठ होते. मी हात वर होईपर्यंत बसून राहिलो, पायाला मुंग्या आल्या होत्या.

पुतण्याला मेसेज टाकला, "बघितली."

रात्रीचा दीड वाजला होता, पण तो जागा. उत्तर लगेच आलं, "आत्ता???"